भुताची गोष्ट : कोणाला, केव्हा आणि किती?

२०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली होती. तिच्या आदल्या रात्री आम्ही चामटोलीस एका स्नेह्यांच्या घरी मुक्कामास होतो. अंबरनाथ तालुक्यातले, बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यानचे हे गाव. उल्हास नदी जवळ आणि मध्य रेल्वेचा लोहमार्गही जवळ. दिवेलागण होऊन गेली होती. ओटीवर आकाशकंदील लागला होता, पहाटेच्या अभ्यंगासाठी तेल-उटणे काढून ठेवले होते आणि तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर चार हिरवी कारिटे ओळीने मांडलेली होती. घरात नातवंडे चार, म्हणून कारिटेही चार.

थोरला पंधरा वर्षांचा, त्याच्या पाठची मुलगी अकरा वर्षांची, तिसरा मुलगा आठांचा आणि शेंडेफळ असलेली धाकटी चार वर्षांची. अकरा वर्षांच्या मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण बदलापूरच्या नव्या गृहसंकुलात राहते. तेथे दुसऱ्या दिवशी सायंकाळी हॅलोविन व्हावयाचा होता. मुले मुखवटे लावून दारोदारी खाऊ मागणार होती आणि मग गच्चीवर बसून भुतांच्या गोष्टी सांगणार होती. मुलीने आजीला विचारले, "आजी, आपल्याकडे भुतं नाहीत का गं?" आजींना हा आपल्या गावाचाच अपमान वाटला असावा. त्यांनी पदर सावरला आणि विहिरीवरच्या हडळीची गोष्ट आरंभिली.

गोष्ट उत्तम रंगली, यात शंका नाही. थोरल्याने मध्येच जांभई दिली, अकरा वर्षांची श्वास रोखून बसली, आठ वर्षांच्या मुलाने पाय हळूच गोधडीत ओढून घेतले. धाकटीला गोष्टीतले फारसे काही कळलेच नव्हते. तिच्या मनात राहिले ते एवढेच, की पांढरे लुगडे आणि उलटी पावले. रात्री बारा वाजून गेले तरी ती मोरीकडे जाईना. "ती आली" म्हणून दोनदा दचकून उठली. पहाटे चारला घर जागे झाले तेव्हा न्हाणीघराच्या दाराशी येऊन तिने असा काही टाहो फोडला, की आजींचा चेहरा उतरला. "माझ्या आजीने मला हीच गोष्ट सांगितली होती," त्या आम्हांला म्हणाल्या, "मी कुठे रडले होते?"

ती गोष्ट ऐकताना आपले वय काय होते, असे आम्ही त्यांना विचारले. त्या थोडा वेळ थांबल्या. "शेतावर भाकरी घेऊन एकटी जात होते तेव्हा. दहा तरी असेन."

आमच्या लेखाचे मूळ या उत्तरात आहे.

ज्या आजींनी घरातल्या चारही नातवंडांना बाळगुटी स्वतःच्या हाताने उगाळून दिली, त्यांना मात्रेचे शास्त्र आम्ही काय सांगावे? सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ यांचे वेढे मोजून द्यावयाचे असतात. पहिल्या महिन्यात एकेक वेढा, मग बाळ वाढेल तसे दोन, तीन. जायफळाचा एखादा वेढा अधिक झाला तर मूल गुंगते, हे घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या बाईला ठाऊक असते. भयाचेही तसेच आहे. ते मुलाला मुळीच देऊ नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु चौघांना एकाच वाटीतून, एकाच मात्रेने ते पाजता येत नाही.

या हॅलोविनवर रागावणारे अनेक सुज्ञ वाचक आम्हांला भेटतात. ख्रिस्ती दिनदर्शिकेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस. त्यांची ही पूर्वसंध्या. तिच्या मुळाशी आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील सुगीच्या अखेरीचा एक प्राचीन सण असल्याचे सांगतात. तो सण तिकडच्या लोकांबरोबर अमेरिकेत गेला, आणि तिथे सलगमाऐवजी भोपळा कोरून त्यात दिवा लावू लागले. अमेरिकेतल्या मराठी घरांतून आता एकाच पंधरवड्यात कधी कधी हा भोपळाही लागतो आणि आकाशकंदीलही. त्यात चिडण्यासारखे आम्हांला तरी काही दिसत नाही. मात्र आपल्याकडे असे काही नव्हते म्हणून ते आणावे लागले, हे म्हणणे खरे नव्हे.

भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या ज्यांची तिथी ठाऊक नाही अशांच्याही स्मरणासाठी आहे. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावतो, तेव्हा आपण साक्षात मृत्यूलाच दिवा दाखवीत असतो. गोमंतकात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमा जाळतात, आणि त्या बनविण्यात मुलेच पुढे असतात. सह्याद्रीच्या आदिवासी पाड्यांवर वाघबारशीला गुराखी मुले वाघ-अस्वलांची सोंगे घेतात. आणि कोकणातला शिमग्यातला संकासुर तर ज्याने लहानपणी पाहिला तो जन्मभर विसरत नाही. अंगभर काळा वेष, डोक्यावर उंच निमुळती काळी टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा जाड पट्टा. तो खळ्यात शिरला की तीन वर्षांचे मूल आईच्या खांद्यात तोंड खुपसते, सात वर्षांचे मूल आईच्या आडून डोकावते, दहा वर्षांचे त्याच्या मागे मागे चार घरे धावते, आणि पुढे कधी तरी त्यातलेच एखादे स्वतः ती टोपी चढविते. भयाची इयत्ता कशी चढत जावी, याचा याहून चांगला धडा आमच्या पाहण्यात नाही. तो कोणी लिहून ठेवलेला नाही, हे विशेष.

आता गोष्टींकडे वळू. तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलाला भूत, हडळ, समंध यांतले काही म्हणजे काहीच सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या वयाला गोष्टीतले आणि दाराबाहेरचे यांत भिंत नसते. गोष्ट संपली तरी तिच्यातली बाई घरातच राहते, न्हाणीघराच्या अंधारात उभी. परंतु याच वयाला आपण सर्वांत अधिक भय पाजतो, आणि तेही गोष्टीतून नव्हे. "जेव, नाही तर बागुलबुवा येईल." "झोप, नाही तर म्हाताऱ्याच्या पोत्यात घालीन." ही गोष्ट नव्हे, हा धाक आहे. गोष्टीला शेवट असतो. बागुलबुवाला शेवट नसतो, कारण तो उद्याच्या जेवणालाही हवा असतो. शिवाय आई-आजीच जर बागुलबुवाच्या बाजूच्या ठरल्या, तर भ्यालेल्या मुलाने जावे कोणाकडे? पुढे कधी त्याला खरोखरीचे भय वाटले, कोणी खरोखरीच त्रास दिला, तरी ते मूल घरात तोंड उघडत नाही. एवढ्याशा घासापायी हा व्यवहार फार महागात पडतो.

या वयाला पुरेल इतके भय म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत आहे. नीट पाहिले तर ती भयंकरच गोष्ट आहे. रानात वाघ भेटतो आणि म्हातारीला खाईन म्हणतो. पण वाघ बोलतो, थांबतो, म्हातारीचे म्हणणे ऐकून घेतो. म्हातारी लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाते, लठ्ठ होते आणि भोपळ्यात बसून परत निघते. मुलाला शेवट आधीच ठाऊक असतो. ठाऊक असतो म्हणूनच ते रोज तीच गोष्ट मागते. सांगणाऱ्याने कंटाळून त्यात नवा वाघ घालू नये.

पूतनेच्या कथेविषयी आम्हांला अनेकदा विचारतात. अंगावर पिणारे किंवा नुकतेच तोडलेले मूल घरात असेल तर ती कथा पुढे ढकलावी, असे आमचे उत्तर आहे. दुधातच विष, ही कल्पना त्या वयाच्या मुलाला पेलणारी नाही. बाळकृष्णाच्या खोड्या तोवर पुष्कळ पुरतात.

पाच ते आठ हे राक्षसांचे वय. भूत आणि राक्षस यांत मुलाच्या दृष्टीने मोठा भेद आहे. भुताला अंग नसते, ते कोठूनही येते आणि मेलेलेच असल्यामुळे त्याला मारता येत नाही. राक्षसाला शिंगे असतात, सुळे असतात, पत्ता असतो, आणि त्याला कोणीतरी जिंकतो. म्हणून या वयाला बकासुर सांगावा, हिडिंब सांगावा, नरकासुर सांगावा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातल्या चेटकिणीला पाहून पिढ्यान्‌पिढ्या मुले किंचाळली आणि त्याच क्षणी हसली. असे हसू गोष्टीत जागोजागी पेरलेले असावे.

बकासुराची कथा सांगताना बहुतेक जण गाडाभर अन्न आणि ते खाणारा भीम इथपर्यंत घाईने येऊन पोहोचतात. महाभारताच्या आदिपर्वात त्याच्या आधी जे आहे ते मुलांसाठी त्याहून मोलाचे आहे. एकचक्रा नगरीत, ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले आहेत, त्या घरावर राक्षसाकडे माणूस पाठविण्याची पाळी येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. सगळे घर रडत असते. तेव्हा बोबडे बोलणारा लहान मुलगा प्रत्येकापाशी जाऊन रडू नका म्हणतो, आणि हातात गवताची एक काडी उचलून सांगतो, की मी या काडीने त्या राक्षसाला मारीन. त्या दुःखातही सर्वांना हसू येते. मग कुंती पुढे होते. व्यासांनी हा मुलगा कथेत उगीच घातलेला नाही. आपण राक्षसाची गोष्ट सांगतो तेव्हा समोर बसलेला श्रोता तोच असतो. त्याच्या हातात काडी द्यावी आणि "तू काय केले असतेस?" असे विचारावे. त्याचे उत्तर कितीही अचाट असो, हसून मान डोलवावी आणि मग भीमाला आणावे.

हिरकणीची कथाही या वयाची. कोजागरीची रात्र, रायगडाचे दरवाजे मिटलेले, खाली घरी तान्हे मूल आणि मधे तुटलेला कडा. यात भूत नाही, राक्षस नाही, तरी अंगावर काटा येतो. आई अंधारातून आपल्याकडे येते आहे, हे ऐकून झोपी गेलेले मूल दचकून उठल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

नऊ-दहा वर्षांच्या पुढे मात्र मुले स्वतःच भुताकडे हात पसरतात, आणि तेव्हा त्यांना राक्षस देऊन चालत नाही, ती चिडतात. हे वय वेताळाचे. काश्मिरी पंडित सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त या कथा आहेत. तेथे राजाचे नाव त्रिविक्रमसेन, पुढे लोकांनी त्याला विक्रम केला. आमच्या पिढीला त्या 'चांदोबा' मासिकातून भेटल्या आणि पुढच्या पिढीला दूरदर्शनवर १९८५ साली. स्मशान, शिंशपेच्या झाडाला लोंबणारे प्रेत, ते खांद्यावर घेऊन चालणारा राजा. दहा वर्षांच्या मुलाला याहून अधिक काय हवे? पण प्रेत खांद्यावर आले की ते काय करते? कोडे घालते. भयाने गोठलेले मूल कोड्यापाशी विचार करू लागते आणि विचार करता करता प्रेत खांद्यावर आहे हे विसरते. पंचवीसही कथा मात्र डोळे मिटून वाचावयास देऊ नयेत. त्यांतल्या काही प्रौढांच्या आहेत, तर काहींतला स्त्रियांविषयीचा सूर आज घरात ऐकवण्याजोगा नाही. आधी आपण वाचाव्यात आणि सात-आठ निवडाव्यात.

शेवट तर अवश्य सांगावा. अखेरच्या कोड्याला उत्तर नसते, राजा गप्प राहतो, आणि प्रसन्न झालेला वेताळ त्याला सावध करतो, की ज्या भिक्षूसाठी तू मला नेतो आहेस, तोच तुझा बळी देणार आहे. ज्याने रोज दरबारात येऊन नम्रपणे फळ दिले तो घातकी निघतो आणि स्मशानातला वेताळ मित्र ठरतो. आम्ही ही कथा सांगून झाल्यावर चामटोलीच्या त्या अकरा वर्षांच्या मुलीने बराच वेळ काही विचारले नाही. मग म्हणाली, "म्हणजे घाबरवणारा दिसतो तो वाईटच असेल असं नाही. आणि गोड बोलणारा चांगलाच असेल असंही नाही." तिला हे आम्ही सांगितले नव्हते.

याच वयाच्या मुलांना अंबरनाथच्या शिवमंदिरात न्यावे, अशी आमची एक आगाऊ सूचना आहे. वालधुनीच्या काठचे हे शिलाहारकालीन देऊळ. त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०चा उल्लेख आहे. या देवळाचा गाभारा इतर देवळांसारखा सभामंडपाच्या पातळीवर नाही. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. वर उन्हात कोरीव दगड तळपत असतो आणि दोन पावलांत अंधार, गारवा, ओल्या दगडाचा वास. मूल हात घट्ट धरते. खाली शिवलिंग असते आणि डोळे सरावले की तेच मूल हात सोडते.

बारा-तेराव्या वर्षी नचिकेता सांगता येतो. बापाने रागाच्या भरात "तुला मृत्यूला दिले" म्हटले आणि मुलगा खरोखरीच यमाच्या दारी गेला. यम घरी नव्हता. तीन रात्री तो उपाशी वाट पाहत बसला. कठोपनिषदातली ही सुरुवात कोणत्याही भुताच्या गोष्टीहून अधिक निःशब्द करणारी आहे. आणि यमाने तीन वर देऊ केले तेव्हा या मुलाने पहिला वर कोणता मागितला? बापाचा राग शांत व्हावा आणि परत गेल्यावर त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावे, हा. आत्मविद्या त्यानंतर. हा क्रम आम्ही आईबापांच्याही ध्यानी आणून देऊ इच्छितो.

पंधरा वर्षांच्या थोरल्याविषयी काय लिहावे? तो आपल्याला विचारून वाचणार नाही. नारायण धारप आणि मतकरींच्या गूढकथा त्याच्या उशाखाली सापडल्या तर आनंद मानावा. निदान तो वाचतो आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जे दिसते त्याविषयी मात्र आम्ही इतके निश्चिंत नाही. कानाने ऐकलेले भूत ऐकणारा स्वतः रंगवतो, आणि आपल्याला पेलेल एवढेच मोठे रंगवतो. पडद्यावरचे भूत दुसऱ्याने मापून आणलेले असते. ते सर्वांना एकच. थोरल्याच्या खांद्यावरून ते आठ वर्षांचा भाऊही पाहत असतो, ही घराघरांतली खरी अडचण आहे.

या वयाला भुतांची वंशावळ सांगावी. मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वी मेलेला तो मुंजा. बाळंतपणात गेलेली ती हडळ किंवा अळवत. वासना अडकून राहिलेला तो समंध. पिंपळावरच्या, पारावरच्या या सगळ्यांची यादी केली तर ती अर्धवट राहिलेल्या आयुष्यांची यादी होते. आजींच्या गोष्टीतली विहिरीवरची ती पांढऱ्या लुगड्यातली बाई बाळंतीण होती, तिच्या वेळेला सुईणही आली नव्हती, हे आजींनी आम्ही खोदून विचारल्यावर सांगितले. गोष्टीत ते कधी आलेच नव्हते. थोरल्याची जांभई तेथे थांबली.

आणि याच वयाला एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगावी. भूत गोष्टीत शोभते, आजारपणात नाही. साप चावला, ताप डोक्यात गेला, सून अबोल झाली, की 'बाहेरची बाधा' म्हणून मांत्रिकाकडे धाव घेणारी घरे अजून आहेत, आणि त्यात गेलेला वेळ परत येत नाही. एखाद्या एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवून छळणारेही आहेत. जादूटोणा आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, तो याच कारणाने. आमच्या श्रद्धेला त्याने बाध येतो असे आम्हांला वाटत नाही. रामरक्षा म्हणावी, मारुतिस्तोत्र म्हणावे, आणि रुग्णाला रुग्णालयात न्यावे.

एवढे सगळे आम्ही आजींशी बोलत होतो, तेव्हा अकरा वर्षांची मध्येच म्हणाली, "मला हडळीची भीती नाही वाटत. मला पाण्याची वाटते."

२०१९च्या जुलैमध्ये ती सहा वर्षांची होती. २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे याच परिसरात, बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. त्यांत लहान मुले होती, गर्भवती स्त्रियाही होत्या. दिवस उजाडला तेव्हा चहूकडे पाणी आणि मध्ये उभी असलेली आगगाडी, एवढेच दिसत होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदलाची पथके होड्या घेऊन आली, वर हेलिकॉप्टरे घिरट्या घालीत होती, परिसरातले लोक मदतीला धावले. २७ तारखेच्या दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले.

ज्या मुलांनी हे पाहिले आहे त्यांना कोणती भयकथा सांगावी? कोकणात, नदीकाठच्या गावांत, पाण्यातल्या गिऱ्ह्याची गोष्ट सांगतात. तो माणसाला खोल पाण्यात ओढतो. मुलांनी एकट्याने नदीवर जाऊ नये म्हणून ती बहुधा रचली गेली असेल. पण ज्या मुलाने खरा पूर पाहिला, ज्या घरात खरोखरीच कोणी नुकते गेले आहे, त्याच्यापुढे त्याच भयाची गोष्ट मांडू नये, मग वय कोणतेही असो. मुलाला सात वर्षांच्या मापाची गोष्ट पेलेल की नऊच्या, हे वाढदिवसावरून ठरत नाही. गेल्या पावसाळ्यात काय घडले, त्यावरून ठरते. अशा मुलाकडून गोष्ट ऐकावी. आम्ही त्या मुलीला म्हटले, "तूच सांग, त्या दिवशी काय झालं ते."

तिने सांगितली. सुरुवात अडखळतच झाली. पाणी कुठपर्यंत आले, बाबा कोणत्या वेळी बाहेर गेले, आई दारातून हलेना, गाडीतली माणसे एवढी एवढीशी दिसत होती. मग हेलिकॉप्टर आले तेव्हा तिचा आवाज चढला. होड्या आल्या तेव्हा तिने हात पसरून त्या केवढ्या होत्या ते दाखविले. थोरला दोनदा मध्ये बोलला, "असं नव्हतं, आधी होड्या आल्या," आणि दोघांचे त्यावरून भांडण जुंपले. आठ वर्षांचा, जो तेव्हा तीन वर्षांचा होता आणि ज्याला यातले काही आठवत नव्हते, तो तोंड उघडे टाकून ऐकत होता. भांडण चालले असताना आजींनी चुलाण्यात लाकूड सारले.

धाकटी अजून न्हाणीघराबाहेरच होती. अंगाला तेल लागलेले, डोळे रडून सुजलेले. आम्ही तिला मांडीवर घेतले आणि नरकासुर सांगावयास बसलो. कृष्ण आणि सत्यभामा गरुडावर बसून प्राग्ज्योतिषपुरास गेली, युद्ध झाले, बंदिवासातल्या हजारो स्त्रिया सुटल्या; येथवर सर्वांना ठाऊक असते. भागवताच्या दशमस्कंधात त्या वधानंतर लगेच एक प्रसंग आहे. नरकासुराची आई भूमी एका भ्यालेल्या मुलाला घेऊन कृष्णापुढे येते. तो नरकासुराचा मुलगा, भगदत्त. बाप नुकताच मारला गेला आहे, मूल भीतीने कापते आहे. भूमी म्हणते, हा घाबरला आहे, याच्या मस्तकावर तुझा हात ठेव. कृष्ण त्याला अभय देतो आणि मगच राजवाड्यात पाऊल टाकतो.

धाकटीने हे सगळे ऐकून घेतले. मग ती मांडीवरून उतरली, आजींचा हात धरून न्हाणीघरात गेली आणि पुष्कळ वेळाने उटण्याचा वास घेऊन बाहेर आली. तुळशीपुढे चौघांनी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारिटे घेतली. तिचे पहिल्यांदा निसटून रांगोळीवर गेले. दुसऱ्यांदा फुटले, तेव्हा बिया थोरल्याच्या नव्या विजारीवर उडाल्या. आजींनी कारिटाचा रस तिच्या कपाळाला लावला. तिने विचारले,

"आजी, त्या राक्षसाच्या बाळाला कुणी अंघोळ घातली?"

"कृष्णाने घातली असेल हो."

"गरम पाण्याने?"

"कढत पाण्याने," आजी म्हणाल्या, आणि फराळाची ताटे घ्यावयास आत गेल्या.